नागपूरच्या पोरापोरींसाठी स्पेस सायन्सचा रस्ता: आठवीपासून नोकरीपर्यंत काय, कधी आणि कुठे

घरात पोरगं आठवी-नववीत असेल आणि त्याला रॉकेटचं किंवा ताऱ्यांचं वेड असेल तर हे आत्ताच वाचून घ्या. या क्षेत्रातले काही चांगले दरवाजे फक्त शाळेच्या वयातच उघडे असतात आणि आपल्याकडे बहुतेकांना ते बंद झाल्यावरच कळतं. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, दरवर्षी जूनमध्ये पालक येतात आणि विचारतात, मॅडम हिला इस्रोत जायचंय, कुठला कोर्स घ्यायचा? प्रश्न चुकीचा नाही, पण तो एक पायरी सोडून विचारलेला असतो.

आधीची पायरी अशी की इस्रोत स्पेस सायंटिस्ट नावाची एकच एक नोकरी नसते. तिथे टाकी जोडणारा वेल्डर लागतो, सर्किट बोर्ड तपासणारी डिप्लोमावाली मुलगी लागते, इंधनाचं रसायन समजणारा केमिकल इंजिनियर लागतो, सॉफ्टवेअरवाले लागतात, गणितवाले लागतात, उपग्रहाचा फोटो बघून कुठल्या तालुक्यात संत्र्याच्या बागा किती ते सांगणारे लागतात. आणि दुर्बिणीतून दीर्घिका अभ्यासणारे लोक तर बहुतेक इस्रोत नसतातच, ते पुण्याच्या आयुकात, एनसीआरएत, मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, बंगळुरूच्या आयआयएत, अशा संशोधन संस्थांमध्ये असतात. म्हणून पोराला आधी विचारा की तुला यंत्र बनवायला आवडतं, का कोडिंग, का नुसतं आकाश समजून घ्यायला आवडतं, का जमीन-पाणी-नकाशे. उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल, पण हा प्रश्न सोडून थेट कोर्स शोधायला गेलात की गडबड होते.

शाळेत असताना

सगळ्यात आधी युविका. पूर्ण नाव युवा विज्ञानी कार्यक्रम, इस्रोने 2019 मध्ये सुरू केला, आणि हा फक्त नववीतल्या मुलांसाठी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहायला मिळतं, शास्त्रज्ञांची लेक्चर्स, लॅब, प्रात्यक्षिकं, आणि खर्च इस्रोचा. अर्ज ऑनलाइन असतो आणि तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, म्हणजे नेमका शाळेत वार्षिक परीक्षेचा गोंधळ असतो तेव्हा, त्यामुळे बरीच पोरं तिथेच चुकतात. निवडीत आठवीच्या मार्कांना सगळ्यात जास्त वजन असतं, त्याशिवाय ऑनलाइन क्विझ, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट-एनसीसी याचे गुण मिळतात, आणि ग्रामीण भागातल्या शाळेत शिकणाऱ्यांना वेगळं वजन आहे. हे शेवटचं काटोल, उमरेड, मौदा, रामटेक, भिवापूरकडच्या शिक्षकांनी नीट वाचावं. तुमच्या शाळेतल्या पोरीला शहरातल्या मोठ्या शाळेपेक्षा इथे संधी कमी नाही, उलट थोडी जास्तच आहे. आठवीत असतानाच प्रमाणपत्रांची एक फाइल करून ठेवा, अर्ज निघाल्यावर शोधाशोध नको.

दुसरं म्हणजे ऑलिम्पियाड, आणि खाजगी क्लासवाले प्रत्येक शाळेत पैसे घेऊन घेतात ते नाही. खरं ऑलिम्पियाड मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून चालतं. त्याची पहिली फेरी आयएपीटी ही फिजिक्स शिक्षकांची संघटना नोव्हेंबरमध्ये घेते, नोंदणी त्याआधी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दहावीपर्यंतच्या मुलांसाठी ज्युनियर सायन्स, पुढे फिजिक्स, केमिस्ट्री, आणि ॲस्ट्रॉनॉमीसाठी वेगळा पेपर आहे. पेपर अवघड असतो हे आधीच सांगते. पण तिथे पाठांतर चालत नाही आणि एकदा त्या पद्धतीचे प्रश्न सोडवायची सवय लागली की पुढे इंजिनियरिंगची जेईई असो का आयझर या सरकारी विज्ञान संस्थांची परीक्षा, पोरगं घाबरत नाही. खगोलशास्त्राचं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड 2025 मध्ये मुंबईतच झालं, म्हणजे हे काही दूरदेशीचं प्रकरण नाही. जुने पेपर केंद्राच्या वेबसाइटवर फुकट आहेत, तिथून सुरुवात करा.

तिसरं, आणि मला यावर जरा जास्त बोलायचंय, स्वतः आकाश बघणं. टेलिस्कोप विकत घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको. मोबाइलवर नाहीतर कॉम्प्युटरवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप टाका, गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात जाऊन तारांगणाचा शो बघा, तिथे आकाशदर्शनाचे कार्यक्रम कधी असतात ते विचारून ठेवा. आणि वर्षातून एकदा तरी पेंचकडे रात्र काढा, कारण महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळालीये. नागपूरच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, तिकडे अमावास्येच्या आसपास दिसतो. लोक लडाखला जातात त्यासाठी आणि आपल्या घरापासून ते दोन-अडीच तासांवर आहे.

आता एक प्रयोग सांगते, खर्च जवळजवळ शून्य. नागपूर साधारण 21.15 अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं खाली, म्हणून वर्षात दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. जुलैमधला दिवस ढगात जातो, पण 26 मेच्या आसपासचा आपल्या उन्हाने कधी चुकत नाही. गच्चीवर सपाट जागी प्लंबरकडून आणलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा ठेवा, ओळंब्याने सरळ आहे ना ते बघा, आणि पाऊण वाजेपर्यंत थांबू नका, बारा वाजताच तयार राहा. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, नागपूर 79.1 वर, म्हणजे 3.4 अंश पश्चिमेला, एका अंशाला 4 मिनिटं धरली की साडेतेरा मिनिटं उशीर झाला, पण मेअखेरीस सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून सावली नाहीशी होते ती 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास. पाइपच्या आतून खाली उजेडाचा गोल पडतो आणि बाहेर सावलीच नसते. त्याच दिवशी दिल्लीतल्या मावशीकडे फोन करून तिच्या गच्चीवरची, तिथल्या मध्यान्हीची सगळ्यात छोटी सावली मोजायला सांगा, काठीची उंची आणि सावलीची लांबी यावरून कोन काढा, तो 7.5 अंशांच्या जवळ येईल. दोन्ही शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर साधारण 830 किलोमीटर. 360 भागिले 7.5 म्हणजे 48, त्याला 830 ने गुणा, पृथ्वीचा घेर 40 हजार किलोमीटरच्या जवळ येतो. नववीतल्या पोरीने हे स्वतःच्या वहीत करून बघितलं की तिला भूगोलातले अक्षांश-रेखांश परत कधी पाठ करावे लागत नाहीत, आणि युविकाच्या क्विझपासून मुलाखतीपर्यंत कुठेही सांगायला तिच्याकडे स्वतःचं काहीतरी असतं.

सहलीचं विचाराल तर शाळांनी वॉटर पार्क थोडं बाजूला ठेवून एकदा बुलडाण्याचं लोणार करावं. बेसॉल्टमध्ये उल्का आदळून झालेलं असं विवर जगात फार दुर्मिळ, व्यास साधारण 1.8 किलोमीटर, आणि चंद्रावरचा बराच भाग बेसॉल्टचाच असल्यामुळे चंद्राचे अभ्यासक लोणारला येतात. विदर्भातच आहे.

दहावीनंतर: आयटीआय आणि डिप्लोमाला कमी लेखू नका

हे मी मुद्दाम बारावीच्या आधी टाकतेय. इस्रोत टेक्निशियन-बी या पदासाठी दहावी आणि संबंधित ट्रेडचं आयटीआय लागतं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक असे ट्रेड जाहिरातीत येतात. टेक्निकल असिस्टंटला फर्स्ट क्लास डिप्लोमा लागतो, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, कॉम्प्युटर वगैरे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे टेक्निशियन-बीचा मूळ पगार 21,700 पासून आणि टेक्निकल असिस्टंटचा 44,900 पासून सुरू होतो, वर भत्ते वेगळे. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमधून किंवा सदरच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून बाहेर पडणाऱ्या पोरांना हे कोणी सांगत नाही, ते थेट एमआयडीसीत जातात. एमआयडीसीत जाण्यात वाईट काहीच नाही, पण तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई केंद्र, श्रीहरिकोटा, महेंद्रगिरी अशी वेगवेगळी केंद्रं आपापल्या जाहिराती स्वतः काढतात, त्या बघत राहिलं पाहिजे. परीक्षा लेखी आणि मग स्किल टेस्ट. स्किल टेस्टमध्ये हातच बघतात, म्हणून वर्कशॉपचे तास बुडवणाऱ्यांचं तिथे काही चालत नाही.

अकरावी सायन्स घेणार असाल तर गणित सोडू नका. बस. इंजिनियरिंग, खगोलशास्त्र, रिमोट सेन्सिंग (उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन-पाण्याचा अभ्यास), सगळीकडे ते लागतं.

बारावीनंतरचे रस्ते

इंजिनियरिंगवाल्यांचा पहिला गैरसमज असा की एरोस्पेसच पाहिजे. इस्रोची सायंटिस्ट-इंजिनियर एससी या पदाची जी केंद्रीय भरती असते तिच्यात सगळ्यात जास्त जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्सच्या असतात. म्हणजे व्हीएनआयटीत किंवा शहरातल्या कुठल्याही बऱ्या कॉलेजात या तीनपैकी एक ब्रांच मिळाली तर तुम्ही रस्त्यावरच आहात, एरोस्पेससाठी लाखो रुपये भरून दूरच्या कुठल्यातरी कॉलेजात जायची काही गरज नाही. अट साधारण अशी की बीई-बीटेकला किमान 65 टक्के किंवा 10 पैकी 6.84 सीजीपीए, वय 28 पर्यंत, आरक्षणाप्रमाणे सवलत, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. मूळ पगार 56,100 पासून. पहिल्या वर्षी बॅकलॉग आला की पोरं सोडून देतात, पण सीजीपीए शेवटपर्यंत मोजला जातो, म्हणून पहिल्या सेमिस्टरपासूनच तो सांभाळा.

थेट स्पेसचं शिक्षण हवं असेल तर आयआयएसटी, म्हणजे तिरुवनंतपुरमजवळ वलियामलाला 2007 मध्ये सुरू झालेली अंतराळ विभागाची स्वतःची संस्था. तिथे एरोस्पेस आणि एव्हिओनिक्स (यानातलं इलेक्ट्रॉनिक्स) यांचं बीटेक आहे, आणि इंजिनियरिंग फिजिक्सचा पाच वर्षांचा ड्युअल डिग्री कोर्स आहे. प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या रँकवर, पण अर्ज आयआयटीच्या काउन्सेलिंगमधून होत नाही, संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवर वेगळा भरावा लागतो. हे दरवर्षी कोणी ना कोणी विसरतं. आणि तिथे गेलं म्हणजे इस्रोची नोकरी पक्की असंही नाही, ठरलेल्या सीजीपीएच्या वर असणाऱ्यांना इस्रोत असतील तेवढ्या जागांमध्ये घेतात.

ज्यांना ब्लॅक होल, तारे, विश्व कसं झालं याचंच वेड आहे त्यांनी इंजिनियरिंगच्या गर्दीत शिरायच्या आधी आयझर बघावं. पुण्यात आयझर आहे, प्रवेशासाठी आयएटी नावाची परीक्षा, 60 प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजीचे प्रत्येकी 15. हो, बायोलॉजीही असतं, पीसीएमवाल्यांनी घाबरू नये, बाकी तिघांवर जोर द्यावा. भुवनेश्वरची नायझर आणि मुंबईचं सीईबीएस या तशाच विज्ञान संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा. आणि यातलं काहीच जमलं नाही तर नागपुरातच बीएस्सी फिजिक्स करा, मनापासून सांगतेय, हा रस्ता अजिबात बंद नाही. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सी, मग जेस्ट, नेट किंवा टीआयएफआरची प्रवेश परीक्षा देऊन पीएचडी, आणि पीएचडीला फी भरायची चिंता नसते, उलट फेलोशिप मिळते, जेआरएफ या सुरुवातीच्या फेलोशिपची रक्कम 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहे. बारावीला आपल्या बोर्डात पहिल्या 1 टक्क्यात आलेल्या आणि मूळ विज्ञान घेणाऱ्या मुलांना इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 80,000 पर्यंत, तिचा अर्ज नक्की भरा. सुट्टीत आयुकाचा विद्यार्थी कार्यक्रम, विज्ञान अकादम्यांची समर फेलोशिप असं काही मिळतंय का बघा. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली करतात, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत तिथे. नागपूरहून प्रवास लांबचा आहे तरी एकदा नेऊन आणा.

अंतराळवीर व्हायचंय म्हणणाऱ्यांसाठी थोडक्यात: गगनयानसाठी निवडलेले चौघंही हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत, जून 2025 मध्ये अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला त्यांच्यातलेच. म्हणजे सध्या तरी एनडीए, हवाई दल, टेस्ट पायलट असा रस्ता. डोळे आणि तब्येत आत्तापासून जपा.

आपल्याच गावात असलेलं, ज्याकडे कोणी बघत नाही

नागपूर हे देशातल्या रिमोट सेन्सिंगचं मोठं ठिकाण आहे. अमरावती रोडला एनआरएससीचं, म्हणजे इस्रोच्या रिमोट सेन्सिंग केंद्राचं, मध्य विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे आणि व्हीएनआयटीच्या आवारात राज्य सरकारचं एमआरसॅक, म्हणजे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, त्याचं मुख्यालयच नागपुरात. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकं, पाणलोट, जंगल, खाणी, शहरांची वाढ याचे नकाशे इथे बनतात. चंद्रावर जाण्याइतकं हे टीव्हीवर दिसत नाही, पण आपला अंतराळ कार्यक्रम मुळात सुरूच झाला शेतकरी, कोळी, गावं यांच्या उपयोगासाठी, आणि नोकऱ्याही इथे खूप आहेत, सरकारी खात्यात, खाजगी कंपन्यांत, विमा, खाणकाम, सिंचन सगळीकडे. जिऑलॉजी, भूगोल, सिव्हिल, ॲग्री, कॉम्प्युटर, कुठल्याही बाजूने यात येता येतं. इंजिनियरिंगनंतरच्या गेट परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमीन मोजणी आणि नकाशांच्या शास्त्राचा, वेगळा पेपरही आहे.

सुरुवात कशी करायची? डेहराडूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था फुकट ऑनलाइन कोर्स घेते, सर्टिफिकेटसकट. त्यातला एखादा पूर्ण करा. मग लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर टाका, तेही फुकट. आणि मग आपल्याच शहराचा एक प्रोजेक्ट करा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट-1 या उपग्रहावरून बनवलेला जमिनीच्या उंचसखलपणाचा डेटा नोंदणी करून फुकट उतरवता येतो. तो क्यूजीआयएसमध्ये टाकून अंबाझरीत नेमकं कुठकुठलं पाणी उतरतं त्याचं पाणलोट काढा, त्यावर आजच्या वस्त्या टाका, जुन्या चित्रांशी तुलना करून कुठे बांधकाम वाढलं ते दाखवा. एक सावधगिरी, या डेटाचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा असतो, त्यामुळे गल्लीतली नाली त्यात दिसणार नाही, आणि रिपोर्टमध्ये ही मर्यादा स्वतःहून लिहा. मुलाखत घेणाऱ्याला असं वाक्य वाचून कळतं की पोराने काम खरंच स्वतः केलंय.

खगोलवाल्यांनाही असा फुकट डेटा आहे, चांद्रयान आणि ॲस्ट्रोसॅट या अंतराळातल्या दुर्बिणीचा डेटा इस्रोने लोकांसाठी खुला ठेवलाय.

खाजगी क्षेत्राचं म्हणाल तर 2020 नंतर चित्र बदललंय, खाजगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था आली, स्कायरूट, अग्निकुल, पिक्सेल, ध्रुव स्पेस अशा रॉकेट आणि उपग्रह बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. आणि यात नागपूर आहे बरं का. स्कायरूट हैदराबादची, पण तिच्या कलाम-5 या घन इंधनाच्या इंजिनाची डिसेंबर 2020 मधली चाचणी आणि 2022 मधली कलाम-100 ची चाचणी नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीज या स्फोटकं बनवणाऱ्या कंपनीच्या जागेत झाली, सोलारने स्कायरूटमध्ये पैसेही गुंतवलेत. 18 नोव्हेंबर 2022 ला उडालेलं विक्रम-एस हे भारतातलं पहिलं खाजगी रॉकेट स्कायरूटचंच. नागपूरच्या एलआयटीत केमिकल करणाऱ्यांनी प्रोपेलंट, म्हणजे रॉकेटचं इंधन, हा विषय प्रोजेक्टला घ्यायचा विचार जरूर करावा, शहरात त्याचे जाणकार आहेत.

पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा

शाळेत येऊन नासा टूर, इस्रो सर्टिफिकेट, ज्युनियर सायंटिस्ट बॅज असं काय काय विकणारे भरपूर आहेत. टूरला जायचं तर हौस म्हणून जा, पण त्या कागदाला कुठल्याही प्रवेशात किंवा भरतीत किंमत नाही. नासातल्या सरकारी नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, हेही पोरांना सुरुवातीलाच सांगून टाका. इस्रोच्या कार्यक्रमाचा अर्ज नेहमी इस्रोच्या सरकारी वेबसाइटवरच, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर आधार नंबर टाकायचा नाही.

शेवटी इंटर्नशिपच्या अर्जाचं सांगते, कारण इंजिनियरिंग आणि एमएस्सीची पोरं इथेच अडतात. इस्रोच्या केंद्रांत किंवा एमआरसॅकसारख्या ठिकाणी प्रोजेक्टसाठी विचारताना मला स्पेसची खूप आवड आहे असं दोन पानं लिहू नका. आधी त्या केंद्राच्या वेबसाइटवर विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचे नियम बघा, आणि ज्या महिन्यांत यायचंय त्याच्या किमान तीन-चार महिने आधी लिहा. कॉलेजचं पत्र एचओडीच्या सहीनिशी, मार्कशीट, आणि एक पान, त्यात तुम्ही काय केलंय ते, म्हणजे अंबाझरीचा नकाशा असेल तर तो नकाशाच जोडा, त्याखाली चार ओळी की डेटा कुठला, पद्धत कुठली, कुठे अडलं, आणि त्यांच्याकडे येऊन नेमकं काय शिकायचंय. ईमेल इंग्रजीत असला तरी साधा ठेवा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि तोपर्यंत दुसऱ्या केंद्राला लिहून ठेवा.